घोरपडे दार ऐकतो

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की बाकीचे पेढे मागतात. घोरपडे दार मागतो.

"जरा दार लावून दाखवा," म्हणतो.

मालकाच्या कपाळावर कुंकू ओलं असतं, चाकाखाली लिंबं ठेवलेली असतात, बायको ताट घेऊन ताटकळत असते. मालक हसून दार लावतो. घोरपडे डोळे मिटतो, मान तिरकी करतो आणि ऐकतो. "परत." मालक परत लावतो. मग घोरपडे दाराच्या फटीतून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत ओढत नेतो आणि निकाल देतो. निकाल दोनच. 'आपली' किंवा 'बाहेरची'.

इतरांच्या तोंडी 'बाहेरची' हे कौतुक असतं. घोरपडेच्या तोंडी ती शिवी आहे.

सी विंगमधले बँकेचे मॅनेजर मोठ्या अभिमानानं म्हणाले होते, "काका, ही फुल्ली इम्पोर्टेड आहे."

"तेच म्हणतोय मी," घोरपडे म्हणाला. "दार कण्हतंय बघा. कुणाचा हात लागलाय, काय माहीत."

मॅनेजरांनी त्या वर्षी सत्यनारायणाला सगळ्या सोसायटीला बोलावलं, फक्त घोरपडेला सोडून.

'हात कुणाचा?' हा त्याचा जगाला विचारलेला एकुलता एक प्रश्न. वडापाव आणला तरी हात कुणाचा, दवाखान्यात सुई टोचली तरी हात कुणाचा. माझ्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाची नोकरी, पगार काही न विचारता यानं विचारलं, "घरात स्वयंपाकाला हात कुणाचा आहे?" ते स्थळ मोडलं. त्यात याचा दोष नव्हता, पण माझी भावजय अजून त्यालाच बोल लावते.

आम्ही दोघं रबाळ्याच्या एका मोटार कंपनीत होतो. कंपनी परदेशी. मी स्टोअरला, तो दारांच्या लाइनला. गाडी तिकडून तुकड्यांत यायची, बंदरातून लाकडी पेट्या भरून. आम्ही ती इथं जोडायचो. अख्खी गाडी आणली तर सरकारचा कर जबर, सुटे भाग आणले तर कमी. एवढ्यासाठीच तो कारखाना होता. आमच्या कौशल्यावर भाळून कुणी परदेशातून रबाळ्याला आलं नव्हतं. पण हे आम्हाला कुणी कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घोरपडे तर कोरेगाव तालुक्यातून आलेला गडी. त्याला वाटायचं, पेटीत नुसता पत्रा असतो. गाडी होते ती आपल्या हातानं.

एकदा वाशीचा एक बिल्डर आपली गाडी जोडताना बघायला बायकापोरांसकट आला. साहेबांनी टोप्या घालायला देऊन त्यांना लाइनवरून फिरवलं. घोरपडेनं त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. त्यानं दार उचललं, बसवलं, लावून दाखवलं. बिल्डर बघत राहिला आणि साहेबांना म्हणाला, "म्हणजे हे सगळं इथंच करता? ही आपलीच माणसं? मग एवढे पैसे कशाचे घेता?"

गाडी त्यानं रद्द केली. पोरं टोप्या घेऊन गेली.

घोरपडे दोन घास कमी जेवला, बाकी काही नाही. संध्याकाळी बस स्टॉपवर एवढंच बोलला, "आरं, नीट ऐकलं बी नाही त्यानं."

मग कंपनी बंद झाली. करांचं गणित कुठंतरी बदललं म्हणे. निरोपाला तिकडचा मोठा साहेब आला. इंग्रजीत बोलला. जगात आमचे कारखाने कुठंही असोत, गाडी सगळीकडे सारखीच चांगली बनते, हे तुम्ही सिद्ध केलंत, असं म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. जाताना प्रत्येकाला आठवण म्हणून एक छोटी खेळण्यातली गाडी दिली, हुबेहूब आमच्या मॉडेलची. घोरपडेनं ती उलटी करून बघितली. खाली तिसऱ्याच देशाचं नाव होतं. मग त्यानं नखानं तिचं दार उघडायचा प्रयत्न केला.

"सावंत," तो मला म्हणाला, "हिचं दार नुसतं रंगवलंय रे."

पुढच्याच महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्याच कंपनीचं होर्डिंग लागलं. तीच गाडी, खाली भलीमोठी अक्षरं: 'आता थेट मायदेशातून.' मायदेश म्हणजे कंपनीचा, आपला नव्हे. आम्ही बसमधून बघितलं. घोरपडे पुढच्या स्टॉपला उतरून मागं चालत गेला आणि होर्डिंगखाली उभा राहिला. मीही गेलो. करणार काय?

"म्हणजे इतकी वर्षं आपण काय सावत्र विकली का रे?" त्यानं विचारलं. सारखी गाडी बनते म्हणून टाळ्या घेणारा साहेब आणि हे होर्डिंग लावणारा साहेब एकच असणार, एवढं मला कळत होतं.

मला तुर्भ्याला एका गोदामात काम मिळालं. घोरपडेला सीबीडी बेलापूरच्या एका मोठ्या हॉटेलात. काम काय, तर पाहुण्यांची गाडी आली की अदबीनं दार उघडायचं. फेटा, सोनेरी बटणांचा कोट. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, वाईट वाटलं, तर त्यांना म्हणाला, "दाराचीच लाइन आहे, सुमन. वेगळं काय करायचंय?"

पण तो उघडून थांबला नाही. लावून ऐकायलाही लागला. लग्नाच्या रिसेप्शनला एक उद्योगपती आले. त्यांची गाडी परदेशातून जशीच्या तशी उतरवलेली. हा फेटा सावरत त्यांना म्हणाला, "साहेब, मागचं दार एकदा बघून घ्या. बाहेर जोडताना घाई झालेली दिसतीय." दुसऱ्या दिवशी फेटा परत करून घरी आला. त्यानंतर त्यानं नोकरी शोधली नाही. मुलगा निखिल तोवर ऐरोलीला चांगल्या कंपनीत लागला होता.

आता वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस दारांचा मोठा जाणकार असणार. नाही. मी त्याचा मित्र आहे, म्हणून सांगतो. अर्ध्या वेळा तो ठोकून द्यायचा.

ए विंगमध्ये नवीन भाडेकरू आला. त्यानं जुनी गाडी विकत घेतली, आमच्याच कंपनीची. घोरपडेनं दार ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "बाहेरची. बघा, खालची फट केवढी! असलं दार मी बसवलं असतं तर त्याच दिवशी वळकटी उचलून गावाला गेलो असतो." जमलेल्या लोकांना त्यानं बराच वेळ शिकवलं. परदेशात कसं सगळं मशिनवर सोडतात, माणूस कसा नुसता बघत बसतो वगैरे. हा परदेशात कधी गेलेला नाही. भाडेकरू सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दार उघडून आतल्या खांबावरची पट्टी दाखवली. जोडणी: भारत. आमचा कारखाना. आमचं शेवटचं वर्ष.

लोक हसले. बँकेचे मॅनेजर तर गॅलरीतून खाली आले हसायला.

घोरपडेनं चष्मा लावून पट्टी वाचली. "मी रजेवर असीन," म्हणाला.

तो कधी रजेवर गेलेला मला आठवत नाही. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो तर अंधारात बसला होता. दिवा लावू दिला नाही. "कारखाना बंदची नोटीस लागल्यानंतरची गाडी हाय ती," म्हणाला. "तवा कुणाचं ध्यान होतं रे? दार मीच बसवलं असणार. माझाच हात." मग स्वतःशीच, "तिकडच्यांचं बी असंच होत असंल का?"

तेवढ्या एका दिवशीच त्यानं हे विचारलं. दुसऱ्या दिवसापासून परत 'आपली' आणि 'बाहेरची' सुरू.

गेल्या वर्षी निखिलनं गाडी घेतली. तो आणि त्याची बायको खारघरला राहतात. गाडी आमच्या त्याच जुन्या कंपनीची, पण 'थेट मायदेशातून' वाली. फोनवर बापाला म्हणाला, "बाबा, तुमचीच कंपनी! आणि आता ओरिजिनल. इथं जोडलेली नाही, टेन्शनच नाही." पोरगं वाईट नाही. त्याला खरंच वाटलं होतं, बाप खूश होईल.

पूजेला गाडी आमच्याकडे आणली. सगळी सोसायटी खाली. लोक गाडी बघायला आले नव्हते, घोरपडे काय बोलतो ते बघायला आले होते. वहिनींनी ओवाळलं. निखिल म्हणाला, "बाबा, ऐका आता." आणि त्यानं स्वतःच एकेक दार लावून दाखवलं.

डाव्या बाजूचं मागचं दार घासलं. मी स्टोअरचा माणूस, मलासुद्धा ऐकू आलं. पत्र्यावर चमचा ओढावा तसा बारीक आवाज. दार जरासं उतरलेलं असणार.

घोरपडेनं डोळे मिटले होते. ते त्यानं उघडले. मॅनेजर पुढं सरकले. वहिनींनी ताट घट्ट धरलं.

"फरक कळतो ना, बाबा?" निखिलनं विचारलं.

"कळतो," घोरपडे म्हणाला. "मस्त हाय गाडी."

लोकांचा विरस झाला. पेढे घेऊन पांगले.

दुपारी पुरणपोळी खाऊन निखिल आणि सूनबाई आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले. तेवढ्यात घोरपडे माझ्या दारात उभा. हातात गाडीची किल्ली आणि पाना.

"सावंत, चल. दार उचलून धरायला माणूस पाहिजे."

"अरे, कंपनीत न्यायला सांग की. नवी गाडी आहे, फुकट करून देतील."

"त्याला कळंल ना मग," म्हणाला.

खाली पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. त्यानं शर्ट काढून ठेवला आणि गुडघ्यावर बसला. मी दार दोन्ही हातांनी उचलून धरलं. आता माझ्यात पूर्वीची ताकद नाही. त्यानं बिजागरीचे बोल्ट सैल केले, खांद्यानं दार वर रेटलं, "धर... धर... खाली नको सोडू" करत परत आवळले. लावून बघितलं. नाही जमलं. परत सैल केले. त्याच्या बनियनची पाठ ओली झाली होती. तीनदा त्याचा पाना निसटला आणि एकदा बोट सोललं. रक्त त्यानं जुन्या धोतराच्या फडक्याला पुसलं, गाडीला लागू दिलं नाही. पूर्वी लाइनवर हे काम तो बोलता बोलता उरकायचा. त्या दिवशी तासभर लागला.

शेवटी दार लागलं. कसला आवाज सांगू? काही घासलं नाही, काही आपटलं नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत उशी ठेवावी तसा. त्यानं मान तिरकी केली नाही, डोळे मिटले नाहीत. फडक्याच्या स्वच्छ टोकानं आमच्या बोटांचे ठसे पुसले आणि शर्ट घातला. संध्याकाळी पोरं गाडीत बसून खारघरला गेली.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. निखिलचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"बाबा, एक गंमत सांगू? त्या दिवशी मी बोललो नव्हतो, पण मागचं एक दार जरा घासत होतं. तुम्हाला वाटेल बाहेरची गाडी असून असं कसं, म्हणून गप्प बसलो. पण आता बघा, आपोआप बसलं! हीच तर तिकडची क्वालिटी. आपल्याकडे जोडली असती ना, तर जन्मभर घासत राहिली असती."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. घोरपडेच्या बोटाला अजून पट्टी होती.

"खरंय," तो म्हणाला. "आपल्याकडं कुठलं जमतंय."

फोन ठेवल्यावर वहिनी चिडल्या. "अवो, सांगायचं की त्याला! सगळ्या दुनियेला सांगत सुटता, आणि पोटच्या पोराला नाही?"

"हप्ते भरायचेत त्याला अजून," घोरपडे म्हणाला. "बाहेरची म्हणून एवढे भरतोय. राहू दे बाहेरचीच."

चहा त्यानं बशीत ओतला, तो तसाच राहिला. मग माझ्याकडे न बघता वहिनींना विचारलं, "रविवारी यायचं काही बोलला होता का?"

"कुठला येतोय. तुमच्याकडं गाडी लावायला जागाच नसते म्हणतो. रस्त्यावर लावली तर ओरखडे पडतात."

घोरपडे उठला, स्कूटरची किल्ली घेतली आणि खाली गेला. आम्हाला वाटलं, दूध आणायला गेला असेल. मी गॅलरीतून बघितलं. त्यानं आपल्या हक्काच्या जागेतली स्कूटर ढकलत गेटबाहेर नेली आणि गटाराच्या कडेला उन्हात उभी केली. परत येऊन जागेतली पानं झाडूनं लोटली.

स्कूटर अजून तिथंच असते. सीट फाटली, रंग उडाला. आत गाडीपुरती जागा झाडून ठेवलेली असते. कुणी पाहुण्यानं चुकून तिथं गाडी लावली तर घोरपडे खाली धावत जातो. दार ऐकत नाही, हात कुणाचा विचारत नाही. "काढा, काढा," एवढंच म्हणतो. "मुलगा येणाराय माझा."