पाहुणे केस

केस कापण्याच्या दुकानात मालकाच्याच डोक्यावर चकता असावा, हे मामांना फार लागत असे. सगळी गिऱ्हाइके त्यांना मामाच म्हणायची. नवा माणूस खुर्चीत बसला की आरशात आधी स्वतःचे डोके बघायचा, मग त्याची नजर हळूच वर, मामांच्या टाळूकडे जायची. तोंडाने कुणी काही बोलत नसे. पण "जरा जाऊन येतो" म्हणून उठलेली माणसे थोड्या वेळाने समोरच्या दुकानात मान खाली घालून बसलेली दिसायची.

साधे टक्कल असते तर मामांनी मनाला लावून घेतले नसते. हा चकता वेगळाच होता. मध्ये काचेसारखा गुळगुळीत आणि कडेने लालसर. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत आडपडदा न ठेवता सांगितले, की कातडीच्या आत सूज येते, ती केसांची मुळे खाते आणि मागे व्रण ठेवून जाते. त्या व्रणावर आपणहून केस येत नाहीत. मागच्या बाजूचे केस काढून तिथे लावता येतात, पण आजार गाढ झोपलेला असेल तरच. अर्धवट जागा असला तर नव्यांनाही तो सोडणार नाही.

बरेच दिवस औषध लावून कडेचा लालसरपणा गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी थोडेच केस लावून बघू. ते टिकले तर ऑपरेशनचा विचार करू. नाही टिकले, तर तुम्ही कितीही गळ घातलीत तरी मी करणार नाही. आणि मामा, तिथं हात लावायचा नाही. कापायचे तर मुळीच नाहीत. मला वाढलेले दिसायला हवेत."

ते औषध लावण्याचे काम मामींचे होते. एक दिवस चुकला नाही. अंगात ताप असला तरी मामी उठून बाटली हलवायच्या आणि नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन थेंब थेंब सोडायच्या. केस लावले त्या संध्याकाळी त्यांनी देवासमोर हात जोडले आणि केस रुजेपर्यंत चहात साखर घ्यायची नाही असा नेम धरला. एरवी गोड चहाशिवाय त्यांचे पान हलत नसे. लावलेले केस डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी गळून गेले, तेव्हा मामा हबकले, मामी नाही. सुईत दोरा ओवताना वापरायचे भिंग घेऊन त्या रोज सकाळी चकता बघत राहिल्या. आणि काही महिन्यांनी एका सकाळी म्हणाल्या, "अहो, आले हो."

खरेच आले होते. नाण्याएवढ्या जागेत चिमूटभर केस, पण सरळ, काळे आणि ताठ मानेचे.

तपासणीला आठवडा उरला होता. दुकान उघडण्याआधी मामा नेहमीप्रमाणे आपली मान आपणच साफ करत होते. मामांचा हात म्हणजे काय सांगावे? डोळे मिटून कल्ले सारखे करायचा. बोटाला कुठेही चार केस उभे लागले की ते उतरवायचे, हा त्या हाताचा धर्म. त्यासाठी तो डोक्याला विचारायला थांबत नसे. आजही थांबला नाही. मान झाली, कानामागे झाले, मग डाव्या हाताचे बोट सहज वर गेले, त्याला काहीतरी खरखरीत लागले, आणि उजव्या हातातले मशीन त्याच्या मागोमाग गेले.

खांद्यावर केसांची काळी कुसळे पडली तेव्हा मामांना कळले.

दुसऱ्या कुणाचे डोके असते तर ते म्हणाले असते, येतील महिनाभरात, त्यात काय. पण या चकत्यावरून गळलेले परत यायला मागच्या खेपेला महिने लागले होते, आणि तपासणी तर आठवड्यावर होती. डॉक्टरीणबाई रिकामी जागा बघतील, टिकले नाहीत म्हणतील, आणि ऑपरेशनचा विषय संपेल. त्याहूनही मोठी भीती वेगळी होती. उद्या सकाळी मामी भिंग घेऊन बसणार होत्या.

मामांनी जमिनीवरचे केस गोळा करून पाहिले. स्वतःचे उतरलेले केस इतके बारीक झाले होते, की हाती लागेनात. म्हणून आदल्या दिवसाच्या कचऱ्यातून बरे दिसणारे निवडले, आणि विग चिकटवायच्या गोंदाने, दोन आरसे समोरासमोर धरून, एकेक केस बसवला. काम इतके सुबक झाले की घटकाभर मामा आपले दुःख विसरून आरशातच बघत राहिले.

सकाळी मामींनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग एवढेच म्हणाल्या, "छान वाढतायत."

मामांना वाटले, सुटलो. पण दारात पाव द्यायला आलेल्या शेजारच्या बेकरीवाल्याने ते ऐकले. बेकरीवाल्याला फक्त कानांच्या वर केस होते, तेही कुरळे, आणि तो ते मामांकडून फार जपून कापून घेत असे. त्याने येऊन चकता पाहिला आणि त्याच डॉक्टरीणबाईंकडे, त्याच दिवसाची, मामांच्या पाठोपाठची वेळ घेतली. मामांनी त्याला घाई करू नको म्हणून परोपरीने सांगून पाहिले. बेकरीवाला म्हणाला, "तुमच्या असल्या व्रणावर जर उगवतायत, तर माझी जमीन सुपीकच की." आता एका खोट्यावर दुसऱ्याची आशा बसली होती. दुकानात गिऱ्हाइके चकता बघायला येऊ लागली. कुणी हात पुढे केला की मामा झटकन मागे सरत.

रोज रात्री झोपताना मामांना धास्ती, की उशीला घासून केस पडतील. पण सकाळी आरशात बघावे तर सगळे जागच्या जागी. गोंद भलताच चांगला निघाला म्हणून मामांनी मनातल्या मनात गोंदवाल्याला दुवा दिला.

तपासणीच्या दिवशी मामा, मामी आणि बेकरीवाला असे तिघेही गेले. बेकरीवाल्याने आपल्यालाही बघू द्यावे म्हणून विनंती केली आणि मामांना नाही म्हणता आले नाही. डॉक्टरीणबाईंनी मोठे भिंग लावले.

"मामा," शेवटी त्या म्हणाल्या, "मी सरळ केस लावले होते. यातला एक कुरळा कसा?"

बेकरीवाला वाकला, त्याने नीट निरखले, आणि त्याचा चेहरा पडला. ज्याच्याकडे मोजकेच असतात त्याला स्वतःचा केस ओळखायला वेळ लागत नाही.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "मी इथं केस मिळवायला आलो, मामा, आणि तुम्ही आधीच माझे नेलेत."

मग मामांनी सगळे सांगितले. मशीन, बोट, कचरा, गोंद, काही लपवले नाही. बोलताना त्यांनी मामींकडे पाहिले नाही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कापूस भिजवला आणि हलक्या हाताने एकेक पाहुणा केस सोडवू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "पण इथं गोंद दोन तऱ्हेचे आहेत. एक पिवळट, विगचा. हा दुसरा पांढरा कुठला?"

"गोंद एकच होता, बाई," मामा म्हणाले. "माझ्याकडं दुसरा नाहीच."

"पांढरा माझा," मामी खाली बघत म्हणाल्या. "शिवणाच्या डब्यातला."

मामा वळून बघतच राहिले.

"पहिल्याच सकाळी कळलं होतं मला. इतके महिने रोज बघतेय, मला आपले केस ओळखू येत नाहीत होय? पण तुमचा जीव एवढासा झाला होता. पहाटे उशीवर एखाददुसरा पडलेला असायचा. म्हटलं, यांना दिसला तर धसका घेतील. म्हणून तुम्ही उठायच्या आधी परत बसवायचे." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "चुकलंच माझं. गोंदानं काही अपाय तर नाही ना झाला?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायच्या आधी चकता पुसून स्वच्छ केला आणि पुन्हा भिंग लावले. या वेळी त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मामींना जवळ बोलावून भिंग त्यांच्या हाती दिले. गुळगुळीत कातडीवर काळे ठिपके होते, कणसासारखे दाटीने नव्हेत, पण लावले होते तिथे, जवळजवळ सगळे.

"मशीननं वरचा केस गेला. मूळ नाही गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरून कापलं, त्यावर दोन दोन गोंद बसले, तरी खालून येतायतच. गोंदामुळं कातडी जरा लाल झालीय, ती निवळू दे, म्हणजे आजार खरंच झोपलाय का ते कळेल. झोपलेला असला, तर ऑपरेशनचा विचार करायला माझी हरकत नाही."

मामांनी चष्मा काढून पुसला. बेकरीवाल्याने तेवढ्यात आपलाही नंबर आहे याची आठवण करून दिली.

घरी आल्यावर मामांनी स्वतः चहा टाकला. मामींच्या कपात भरपूर साखर घालून तो त्यांच्यापुढे ठेवला. मामींनी कपातला चमचा बघूनच ओळखले आणि कप हळूच त्यांच्याकडे सरकवला.

"अगं, रुजले की केस. बाईंनीच सांगितलं. नेम फिटला."

"तो फिटला," मामी म्हणाल्या आणि आपला बिनसाखरेचा चहा ओतून घेतला. "हा दुसरा धरलाय. तुमचा हात डोक्यावर जाऊ नये म्हणून."

मामांनी कान खाजवायला वर नेलेले बोट अर्ध्या वाटेवरून मुकाट्याने खाली आणले.