अन्वरभाईंचं ‘केवढं’

परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी माइकवरून जाहीर केलं, "पेपरचा वेळ एकशे पाच मिनिटं." मागच्या दाराशी उभ्या असलेल्या अन्वरभाईंनी हात वर केला. "सर, पावणेदोन तास म्हना. पोरं घाबरून राहिली." सगळा हॉल हसला. केंद्रप्रमुखांनी मात्र त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पेपर त्यांनीच फोडलाय.

अन्वर पठाण कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचे सहायक. मी तिथेच कॉम्प्युटर शिकवतो. माणूस शांत, पण कोरडा आकडा दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. बसस्टँडवरच्या चौकशीवाल्यानं "नांदेड, तेरा पंचेचाळीस" म्हटलं की हे खिडकी धरून उभे. "माणसात सांगा." तो "पावणेदोन" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. मागची रांग शिव्या देत असायची.

‘माणसात सांगा’ हे त्यांचं पालुपद. इंग्रजीत नाही, मराठीत नाही, माणसात.

याच हट्टापायी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. कॉम्प्युटर फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतो आणि आठ-दहा अंकांची आगगाडी समोर उभी करतो. अन्वरभाईंचा प्रोग्राम ती आगगाडी गिळायचा आणि ‘दीड जीबी’, ‘पाऊण एमबी’, ‘सव्वाशे केबी’ असं सांगायचा. नाव ठेवलं होतं ‘केवढं’.

"अहो, असले डझनभर प्रोग्राम तयार मिळतात," मी म्हणालो.

"हायेत की. पन त्यातलं एक बी पाऊण म्हनत न्हाई."

एकदा प्रोग्रामनं ‘साडेदोन एमबी’ छापलं. अन्वरभाईंनी कानाला हात लावले. "तोबा! अडीचला साडेदोन कोनी म्हनतं का? दुनिया हसंल सर." दोन दिवस ते जेवणाच्या सुट्टीतही जागेवरून उठले नाहीत.

पुढे हे जगाला द्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी नुसता प्रोग्राम पुरत नाही, त्याचं पॅकेज करावं लागतं. सोबत माहितीपत्रक लागतं, परवाना लागतो, आवृत्तीचा क्रमांक लागतो. शिवाय चाचण्या लागतात. म्हणजे अमुक आकडा आत टाकला की तमुक उत्तर बाहेर आलं पाहिजे, याची यादी. मी हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे हळदीवानी. पोत्यात हाये तवर हट्टा गावची. पुडी बांधली, वर नाव छापलं की कुटं बी जाती."

ही पुडी त्यांनी नांदेडच्या दवाखान्यात बांधली. रेहानाभाभींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंगळवारी भाभींचा भाऊ न्यायचा, शुक्रवारी हे रजा टाकून जायचे. भाभींच्या पलंगाशी स्टूल, मांडीवर लॅपटॉप.

एका शुक्रवारी मी सोबत होतो. डॉक्टर रिपोर्ट वाचत होते. क्रिएटिनिन इतकं, पोटॅशियम तितकं, हिमोग्लोबिन इतकं. अन्वरभाई ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डॉक्टरसाब, माणसात सांगा."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "जवळच्या लोकांना भेटायला बोलावून घ्या," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर अन्वरभाईंनी दोन चहा सांगितले आणि एकही प्यायला नाही.

भाभी थंडीत गेल्या. आम्ही कॉलेजचे पाच-सहा जण मातीला गेलो होतो. नंतर अंगणात बसलेलं कुणीतरी म्हणालं, "सत्तेचाळीस हे काय जायचं वय आहे?" मी नकळत अन्वरभाईंकडे पाहिलं. तो आकडा त्यांनी तसाच जाऊ दिला.

चाळिसावा झाल्यावर ते लॅबमध्ये आले. झटकणी घेऊन सगळे मॉनिटर पुसले. मग माझ्याशेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "सर, ती पुडी धाडायची ऱ्हायली हाये."

दुपारी आम्ही ‘केवढं’ इंटरनेटवर चढवलं. दोनदा नाव नाकारलं गेलं, एकदा पासवर्ड चुकला, चौथ्यांदा गेलं. आठवड्याभरात ते दोनशे वेळा उतरवून घेतलं गेल्याचं दिसलं. "दोनशे मानसं!" ते म्हणाले. नव्या पॅकेजवर पहिली झडप आपोआप उतरवून घेणाऱ्या यंत्रांचीच पडते, त्यात माणूस एखादाच असतो, हे मला ठाऊक होतं.

माणूस एक होता. कुठल्या देशातला कोण जाणे, पण त्यानं प्रोग्राम वाचला आणि सूचना पाठवल्या. माहितीपत्रकातल्या चुका, एक वेगवान पद्धत, एक जुनाट ओळ. अन्वरभाईंनी सगळं मान्य केलं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडून इंग्रजीत शुक्रिया लिहून घेतला. शेवटची सूचना होती चाचण्यांची. एक्कावन्न चाचण्या कशाला? बऱ्याच एकसारख्याच आहेत. दहा ठेवा, बाकीच्या काढा.

"न्हाई," अन्वरभाई म्हणाले.

"अहो, बरोबर आहे त्याचं. बावीस केबी, तेवीस केबी, परत बावीस केबी. काय तपासतोय आपण? कशाला ठेवायचं हे?"

त्यांनी यादी परत वर सरकवली. मग म्हणाले, "हे तिचे व्हॉइस मेसेज हायेत."

मंगळवारी हे कॉलेजात असायचे, तेव्हा भाभी दवाखान्यातून बोलून पाठवायच्या. चाचणीला खरे आकडे हवेत म्हणून अन्वरभाईंनी त्याच फायलींचे आकार यादीत उतरवले होते. पुढे दवाखान्यानं स्कॅनची मोठी फाइल पाठवली आणि फोनमध्ये जागा नव्हती.

"मीच फोटो, व्हिडिओ, मेसेज, सगळं उडवलं, सर. एका बोटानं. प्रोग्रामनं बराबर सांगितलं, अडीच जीबी मोकळी. मी तिला बी दाखवलं. ती म्हनली, अच्छा हुआ. समोर बसून बोलून राहिली होती ना. वाटलंच न्हाई."

त्यांनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. पावणेतीनशे केबी. बाकीचे समदे लहान. पोहोंच गयी. सुई लगाये. आते वक्त केले लाना. एवढा लांब हा एकच."

"काय होतं त्यात?"

"प्रॅक्टिकल चालू होतं, सर. म्हनलं, संध्याकाळी ऐकू. संध्याकाळी ती सोताच घरी आली."

मी त्यांच्या हातून कीबोर्ड घेतला. चाचण्या आहेत तशाच राहतील, असं त्या माणसाला कळवलं. खाली कारण लिहायला जागा होती. ती मी रिकामी सोडली आणि सूचना बंद केली.

अन्वरभाई उठले आणि पलीकडच्या खोलीतले पंखे बंद करायला गेले.