हेस्टर आत्याचा चारचा चहा

हेस्टर आत्याने मृत्युपत्रात आपला निळा चहाचा सेट शेजारच्या मिसेस बिकरस्टाफना ठेवला होता. तो मिळाल्याची सही करायला त्या पिलिंग वकिलांकडे गेल्या आणि सहज बोलून गेल्या, "एक कप कमी आहे हो. पण असू दे. हेस्टर रोज चारला आपल्या खिडकीत त्यातूनच चहा पिते, मला दिसते ना!"

पिलिंगांनी पेन खाली ठेवलं. "आपल्या खिडकीत? म्हणजे डेझमंडच्या घरात?"

इथेच घात झाला. ते घर आत्याने नऊ वर्षांपूर्वी भाच्याला, म्हणजे डेझमंडला, बक्षीस दिलं होतं. दिल्यावर सात वर्षं जगलात तर घर वारसा करातून सुटतं. मात्र दिलेल्या घराचं सुख स्वतः भोगायचं नाही. भोगलंत, तर ते पुन्हा तुमच्याच मालमत्तेत. आत्याची बाकीची पुंजी, मृत्युपत्रातल्या सगळ्या देण्यांसकट, सव्वातीन लाख पौंडांच्या मर्यादेत जेमतेम बसत होती. घर त्यात आलं की वरच्या रकमेचे चाळीस टक्के सरकारला, आणि ते भरायला डेझमंड आणि त्याची बायको मॉरीन यांना राहतं घर विकावं लागणार.

आत्या नियमाची भलतीच पक्की. घर दिल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. तासभर चहाला गेलं तर चालतं, असं पिलिंगांनी शंभरदा सांगून पाहिलं. नाताळचं जेवणसुद्धा बाई फाटकाबाहेर गाडीत बसून जेवायची, आणि मॉरीन छत्री धरून ताट नेऊन द्यायची. डेझमंडला वाईट वाटायचं. पण हात धरून त्याने तिला कधी आत आणलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला पिलिंग कराचा अर्ज घेऊन डेझमंडकडे हजर झाले. बिकरस्टाफबाई न बोलावता आल्या.

"बाई, हेस्टर तुम्हाला इथे कधीपासून दिसते?"

"तिला पुरलं ना, त्या मंगळवारपासून."

"आणि त्याआधी?"

"छे! जिवंत होती तेव्हा कुठली येतेय? बिचारी फाटकातच."

डेझमंडने सुटकेचा निःश्वास टाकला. मग बाई काय म्हणाल्या ते डोक्यात शिरलं आणि तो खिडकीपासून दोन पावलं मागे सरकला.

"अरे, तरीच!" मॉरीन पुटपुटली. "मी रोज एक उष्टा कप विसळते. तू तर सहाला घरी येतोस!"

चार वाजले. मॉरीनने चार कप भरले होते. टेबलावर पाच होते. पाचवा निळा. खिडकीजवळची खुर्ची कुरकुरली आणि गादीत हळूहळू खळगा पडला. खोलीभर ओल्या मातीचा वास सुटला. निळ्या कपातला चहा बोटाबोटाने खाली जाऊ लागला.

"आज हवा जरा गार आहे," पिलिंग म्हणाले. अशा वेळी आम्ही इंग्रज हवेविषयीच बोलतो.

डेझमंडला राहवेना. "आत्या, राहा गं इथेच. घर तुझंच आहे."

"असं माझ्यासमोर म्हणू नकोस!" पिलिंग किंचाळले. मग घाम पुसून त्यांनी अर्ज चाळला. "मेल्यानंतर घेतलेल्या उपभोगाला यात रकानाच नाही. वाचलात तुम्ही."

मॉरीन रडायलाच लागली. तेवढ्यात बशीत काहीतरी खणखणलं. मातीने माखलेली चार नाणी होती, आणि आत्याच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी: 'खुर्ची आणि खिडकी, एक तास. बाजारभावाने भाडं. पावती द्यावी.'

"रोज देते?" पिलिंगांनी विचारलं.

मॉरीनने कपाटातून मुरंब्याची बरणी आणली. नाण्यांनी ती गळ्यापर्यंत भरली होती. "मला वाटलं, हा सुट्टे टाकतो."

"मग हे भाड्याचं उत्पन्न झालं." पिलिंगांनी बॅगेतून दुसरा अर्ज काढला. "यावर आयकर लागेल."

डेझमंडने तिकडे लक्षच दिलं नाही. डोळे पुसत त्याने पावती लिहिली आणि निळ्या कपाशेजारी ठेवली. कागद टेबलावरून उचलला गेला, खुर्चीपाशी क्षणभर तरंगत राहिला, आणि हळूच त्याच्यापुढे परत आला.

तारीख घालायची राहिली होती.