बुवांच्या गळ्यातलं जेवण

या वर्षी कीर्तनानंतर कौस्तुभबुवांचं जेवण दिपिकाच्या घरी होतं, आणि तिनं बुवांच्या बायकोला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "काकू, निर्धास्त राहा. आमच्याकडे त्यांना भाताचं दर्शनसुद्धा होणार नाही."

बुवांना साखरेचा त्रास. गास गावात मात्र बुवांवरचं प्रेम भात, गूळ आणि तुपातूनच व्यक्त करायची पद्धत. दिपिकानं लो-कार्बचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की चपाती खाणाऱ्याकडे ती वारलेल्या माणसाच्या फोटोकडे पाहावं तशी पाहायची. तिनं वांद्र्याहून रॅडिकिओ आणला: गडद लाल, पांढऱ्या शिरांचा, कोबीच्या गड्ड्यासारखा परदेशी पाला. त्याच्या पानांच्या वाट्यांत पनीर भरायचं, की झालं जेवण. पानं सुटी करून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळली, फ्रिजमध्ये ठेवली आणि ऑफिसला गेली.

त्या फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात आजवर एकच वस्तू राहत आली होती. सासऱ्यांच्या, म्हणजे धर्माबाबांच्या, वाडीतली फुलं.

संध्याकाळी ती थेट देवळात पोचली तेव्हा उत्तररंग सुरू झाला होता, आणि बुवांच्या गळ्यात तिचं जेवण होतं. मधे मोगरा, खाली तुळस.

"बाबा, तो हार कोणी केला?"

"मीच," धर्माबाबा मिशीतल्या मिशीत हसले. "अशी फुलं गावात कोनी बघितली नसतील. बुवांसाठी आनलीस आनि बोललीपन नाय."

बुवा डोलत होते. प्रत्येक डोलण्याला एकेक वाटी घामात मुरत होती. रिवाजाप्रमाणे कीर्तन संपल्यावर हा हार पेटीवाल्याच्या गळ्यात गेला तर रात्रीचं जेवणही त्याच्याच घरी जाईल, या विचारानं दिपिका उठली आणि तडक पुढे गेली. टाळ थांबले.

"पाहा," बुवा श्रोत्यांकडे वळले. "कथेत भगवंत भक्ताच्या दारी जेवायला आले, आणि ही पोर उठून धावली. याला म्हणतात भक्ती."

त्यांनी हार तिच्याच गळ्यात घातला. बायकांनी रांग लावून तो कपाळाला लावला.

घरी तिनं पानं सोडवायला घेतली, तर सासूबाईंनी, पुतळाबाईंनी, मनगटच धरलं. "काय करते गो? निर्माल्य हाय ते. खाडीत सोडायचं, कढईत नाय."

"आई, बुवांनी हातानं दिलंय. प्रसाद आहे. प्रसाद खातात."

"हार खातात?"

"ती भाजी आहे, आई."

"ओल्या फडक्यात भाजी कोन ठेवतो?" धर्माबाबा पुटपुटले आणि पाणी आणायला म्हणून गेले ते आलेच नाहीत.

निवाडा बुवांकडे गेला. बुवा पाटावर बसून वाटच पाहत होते.

"कडू असते का गं?"

"थोडीशी. पण तुमच्या साखरेला फार चांगली."

बुवांनी डोळे मिटले. भल्याभल्या पंडितांना ज्याला अख्खी रात्र लागते, तो शास्त्रार्थ त्यांनी एका श्वासात उरकला. "निर्माल्यच. शंकेला जागाच नाही."

मग पुतळाबाईंनी वाढलेल्या भाताला त्यांनी असं देखणं आळं केलं, की धर्माबाबांनी नारळालाही केलं नसेल. आमटी दोनदा झाली. तिसऱ्या वाढणीला फोन वाजला. बुवांनी बायकोचं नाव पाहिलं, घास गिळला आणि फोन हळूच दिपिकाकडे सरकवला.

"काय गं, काय वाढलंस त्यांना?"

बुवा हात जोडून बसले होते. साऱ्या गावासमोर भक्तीचं उदाहरण ठरलेली दिपिका म्हणाली, "नुसता पाला, काकू."

बुवांनी समाधानानं मान डोलावली आणि तुपासाठी ताट पुढं केलं.