तापमापकाच्या पेटीशेजारची शेगडी

अंदाज: आकाश निरभ्र. वारा पश्चिमेचा. कमाल तापमान चव्वेचाळीस फॅरनहाइट. ओटिसचा विजय निश्चित!

ओटिस म्हणजे मी. आणि हा अंदाज चुकणं शक्यच नव्हतं. माझ्याकडे विज्ञान होतं, आणि शिवाय पोतंभर कोळसा होता!

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या एवढ्याशा कॉलेजात हवामानशास्त्राचे विद्यार्थी अकरा. त्यातले दहा जण सिग्ने हाल्वरसनचं कौतुक करत असतात. दहावी ती स्वतः! ती ढगाकडे बघून त्याचं नाव घेते आणि ढग जणू 'हजर' म्हणतो. मी नाव घेतलं की तोच ढग विरून जातो.

अंदाजाच्या स्पर्धेत आम्ही दोघं बरोबरीत होतो. उरला होता एकच दिवस. जो जिंकेल तो गावच्या रेडिओवर रोज सकाळी हवामान सांगणार. आमच्या गोठ्यात दूध काढताना आई तोच रेडिओ लावते. आई आणि सत्तर गायी, सगळ्यांनी रोज सिग्नेचा आवाज ऐकायचा? आमच्या गायींनी? छे!

मी लिहून दिलं, चव्वेचाळीस. सिग्नेनं दिलं, एकोणपन्नास.

"एप्रिलच्या सुरुवातीला, बाहेर अजून बर्फ असताना एकोणपन्नास?" मी हसलो. "सिग्ने, तुला ताप तर नाही ना?"

"बघू," ती म्हणाली. ती नेहमी एवढंच म्हणते. डोकं फिरतं!

निरीक्षण: दुपार. एक्केचाळीस. पुढे हलेना.

हिरवळीवरच्या पांढऱ्या पेटीत आमचा तापमापक असतो. त्याचा आकडा प्रयोगशाळेच्या खिडकीत दिसतो. मी पेटीपासून जरा लांब शेगडी पेटवली, वर सॉसेज टाकले. प्रोफेसर कुबियाक वासावरच आले.

"ओटिस, पेटीजवळ शेगडी?"

"वारा पश्चिमेचा आहे सर. झळ पलीकडे जाईल."

"नक्की?"

"सर, हा माझा अंदाज आहे!"

मग सरांचं लक्ष सॉसेजकडे गेलं की मी हळूच शेगडी पायानं पेटीकडे सरकवायचो. बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस! मी पाण्याची बादली उचलली.

"अरे, विझवतोस काय?" सर ओरडले. "माझं अजून कच्चं आहे!"

सुधारित अंदाज: गर्दी वाढण्याची शक्यता.

वाढलीच! अर्ध्या चड्ड्या घातलेली सगळी पोरं बर्फाच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारत आली. कोणी आणखी सॉसेज आणले, कोणी आणखी कोळसा ओतला. सर ढगांवरच्या जाडजूड पुस्तकानं वारा घालू लागले.

"सर, पुरे! सर, हळू!"

"आज पहिल्यांदाच या पुस्तकाचा उपयोग होतोय रे!"

इशारा: वारा फिरला.

पश्चिमेचा वारा चक्क पूर्वेचा झाला आणि सगळी झळ पेटीत घुसली. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. मी पेटीसमोर हात पसरून उभा राहिलो. पाठ भाजली, आकडा थांबेना. एकोणपन्नास! तेवढ्यात कोळसा विझत आला, आणि आकडा तिथेच असा टेकला जणू सिग्नेनं त्याला खुर्चीच दिली होती.

"सर, ही नोंद धरू नका! शेगडीची झळ लागली!"

"शेगडी कोणाची?"

"माझी."

"झळ पलीकडे जाईल, असं कोण म्हणालं?"

"...मीच."

"मग चूक पेटीची की तुझी?" सरांनी बोटं चाटली. "अभिनंदन, सिग्ने!"

सिग्ने मोहरीच्या सॉसची बाटली घेऊन माझ्याशेजारी आली.

"वारा फिरणार हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दुपारनंतर तळ्याकडून येतो. नकाशात दिसत होतं."

"पण एकोणपन्नास? नुसत्या वाऱ्यानं?"

"काल दुकानात तुझ्यामागेच रांगेत उभी होते, ओटिस. बर्फ पडलेला असताना पोतंभर कोळसा घेणारा तू एकटाच होतास." तिनं माझ्या सॉसेजवर मोहरीचा सॉस पिळला. "हवेचं चाळीसच धरलं होतं. बाकीचं तुझं धरलं."

आजची स्थिती: सकाळी आईचा फोन येतो. मागे गायी, रेडिओ आणि रेडिओवर सिग्ने.

"काय गोड सांगते रे ही मुलगी! आणि सगळं खरं होतं! या गायी तर दूधही जास्त देतायत." आई जरा थांबते. "ओटिस, बाळा, तूही असलंच काहीतरी शिकायला घ्यायचं होतंस."