हात लावाची अक्षरं

तलावाच्या पाळीवर दोन जोड चपला होत्या. एक पेंटर आबाजीची, टायरच्या तळव्याची. दुसरी माह्या पोरगीची, आरूची, गुलाबी, फुलपाखरू लावलेली. अन् पाण्यात कोणीच नाही, काठावर कोणीच नाही. हातात बाजाराची थैली तशीच अन् डोक्शात एकच, आज "त तलावाचा" होता, आज तलावच होता.

असं मधूनच सांगितलं तं तुमाले समजणार नाही. आधी आबाजी कोण, ते आयका.

साकोलीत आमच्या बाजूच्याच खोलीत राह्यते, एकटे. पह्यले दुकानाच्या पाट्या रंगवत. मंग फ्लेक्स आले अन् ब्रश वाळून गेले. तवा त्याइनं जुन्या फ्लेक्सच्या मागच्या अंगाले गल्लीतल्या पोट्ट्याइसाठी पुस्तक रंगवलं, अख्ख्या साकोलीचं. कोण्या पोट्ट्यानं "अ अननसाचा" म्हटलं का बुढा चिडलाच. "अननस साकोलीत कुठं हाये बे? जाऊन हात लावता येते काय? मंग ते अक्षर कायचं?" त्याइच्या पुस्तकात क कटिंगवाल्याचा, ग गिरणीचा, ट टपरीचा. अन् शिकलं का पोट्ट्याइची लाइन लावून तिथं जाचं अन् हात लावाचा. आधी चपला काढाच्या. विद्या हाये म्हणे, खेटर घालून शिवाची नसते. गिरणीपुढं चपला, टपरीपुढं चपला. "ठ" ले तं सीधे पोलीस ठाण्यात. हवालदारानं विचारलं, तक्रार काय हाये? आबाजी भितीले हात लावून म्हणे, "तक्रार नाही साहेब, ठ हाये."

"ण" ले त्याइनं सुट्टी देल्ली. अन् "घ" तेवढा राहूनच गेला. त्या पानावर निळ्या दाराचं घर होतं, पुढं सीताफळाचं झाड. पोट्टे विचारत, आबाजी, इथं कवा जाचं? ते म्हणत, "घ मंग. घ काय पळून जाते?" अन् पान पलटवत.

मी सातवीतच शाळा सोडली. आरूचा बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. पोरगीले कोण शिकवन? म्हणून पाठवत राहिली. मोबाईलवर पोरं पळवणाऱ्याइचे व्हिडिओ येत राहत, अन् समोरची कुंदाताई म्हणे, एकट्या बुढ्यासंगं पोरगी सोडते, तुले भेव नाही लागत? लागे न. पण हात लावलेलं अक्षर आरू विसरे नाही.

काल बाकीचे पोट्टे लग्नाले गेले होते. आरू एकटीच गेली. मी बाजारातून आली तं दोघंबी नाही, म्हणून तलावावर धावली, अन् तिथं ह्या चपला.

मागून कुंदाताई आली, तिच्या मागं मोटारसायकलवाले पोट्टे. एकानं मोबाईल काढला. दुसरा म्हणे, सापडू दे बुढ्याले, पाह्यतोच. आता मले दोन-दोन भेव. तेवढ्यात गिरणीवाल्यानं सांगितलं, दोघं अनवाणी हायवेकडं जाऊन राहिले होते. चपला छातीशी धरून मी पळाली.

उड्डाणपुलाखाली ट्रकच ट्रक. एका खांबापाशी आबाजी उभे, दोन्ही हातानं खांब चाचपत, वर, खाली, कडी शोधल्यासारखे. आरूनं त्याइचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. मी तिले ओढली, मारासाठी हात उचलला, तं पोरगी मलेच दबक्या आवाजात म्हणते, "आई, हळू बोल न. आबाजी रस्ता चुकले. रोज मीच त्याइले घरी आणतो. ते म्हणते, कोणाले सांगू नको."

आबाजीनं माह्याकडं पाह्यलं. "बाई, इथं दार होतं. निळं. रस्त्यात गेलं, मालूम हाये मले. मालूम असते, अन् मंग निघून जाते."

मोटारसायकली येऊन थांबल्या. मी आबाजीच्या पुढं होऊन म्हणली, "मीच पाठवली होती पोरगी. जा तुमी."

वापस येतानी आरू पुढं. टपरी आली का आबाजी टपरीले हात लावत, मंग वळत. गिरणी आली का गिरणीले. अनवाणीच, चपला माह्या हातात. तवा समजलं, लाइन लावून एवढे दिवस कोण कोणाले शिकवून राहिलं होतं.

कुंदाताई म्हणते, पुण्याले त्याइच्या पोराले फोन कर, तो घेऊन जाईन. नेईन न. पण तिथं कायले हात लावन बुढा? अन् मी रोज संगं जाऊ तं राइस मिलवरचं काम सुटते. आरूच्या बापाले सांगू तं तो पोरगीले घराबाहेर पडू देणार नाही. अन् नाही सांगितलं, अन् उद्या पुलाखाली ट्रकवाल्याले ब्रेक नाही लागला तं?

रातभर हेच. आता सकाळ झाली. आबाजी दारासमोर उभे हायेत, फ्लेक्सची गुंडाळी काखेत. "आज थ, बाई. ऑटोच्या थांब्याचा. आरू येते काय?" आरूनं चपला घातल्यासुद्धा. कडी माह्या हातात हाये, काढू का लावू समजून नाही राहिलं.

तुमी काय केलं असतं?