तिसऱ्या रांगेतला दगड

दक्षिण कोरियातल्या दैगू शहरात एका ऑफिसात मंगळवारी सकाळी एक ठराव एकमताने मंजूर झाला. फुटबॉल विश्वचषकाच्या मॅचच्या दिवशी प्यो दोंगसिक यांनी शहरात थांबू नये. एकमतात प्योचंही मत धरलं होतं. त्याने हात वर केला होता तो बोलायची परवानगी मागायला.

पुरावे भक्कम होते. प्योने पाहिलेल्या लागोपाठ चार मॅच कोरिया हरला होता. पाचव्या मॅचला तो ऐंशीव्या मिनिटाला संडासात गेला आणि कोरियाने गोल मारला. तो हात पुसत बाहेर आला आणि समोरच्यांनी दोन मारले.

"प्योसाहेब, मनावर घेऊ नका," विभागप्रमुख बांग मॅडम म्हणाल्या. "एरवी तुम्ही चांगलेच आहात हो. फक्त ती नव्वद मिनिटं."

"मी डोळे मिटून बसलो तर?"

"गेल्या वेळी मिटले होते की! पेनल्टी बसली."

"मग मी भिंतीकडे तोंड करून सगळ्यांना कोंबडीचे डबे वाटत बसतो."

"रजा मंजूर झालीय. पगारी. ग्योंगजूला जा. तिथे त्या पडक्या देवळाचं मैदान आहे, टीव्ही नाही, माणूस नाही. मोबाइल बंद ठेवा. आणि हो, मनातल्या मनातसुद्धा बघू नका."

बैठकीच्या खोलीत मॅचसाठी मोठा पडदा त्याच दिवशी लागला. तळलेल्या कोंबडीचे चौदा डबे सांगून झाले. ऑफिसात माणसं पंधरा होती.

बुधवारी अकराला, मॅच सुरू व्हायच्या वेळेला, प्यो त्या मैदानात उभा होता. हजारेक वर्षांपूर्वी इथे मोठं देऊळ होतं. मंगोलांनी ते जाळलं, आणि आता गवतात खांबांखालचे दगड तेवढे रांगेत उरले होते. चिटपाखरू नव्हतं. प्योने हिशेब मांडून पाहिला. आज कोरिया जिंकला, तर पुरावा पूर्ण होणार आणि त्याला जन्मभर असं हाकलून देणार. हरला, तर तो निर्दोष सुटणार; पुढच्या मॅचला त्यालाही खुर्ची मिळणार, डबा मिळणार. म्हणजे देश हरावा असं वाटायला हवं होतं. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. जमेना.

"मॅच सोडून इथे काय करताय?" मागून आवाज आला. सत्तरीचा पहारेकरी, छातीवर नावाची पट्टी: मेंग. एका कानात वायर, तिचं दुसरं टोक जाकिटाच्या खिशात.

"मला पाठवलंय, काका. मी पाहिली की आपण हरतो."

मेंगकाका दोन पावलं मागे सरले. मग विचार करून तीन पावलं पुढे आले. "मग आता दिवसभर इथेच?"

"नाही, झालं पाहून. दगड आहेत. निघतो."

काकांनी कानातली वायर दाबली. "थांबा! हलू नका! गोल! आपला गोल!"

प्यो जागच्या जागी गोठला.

"कुठे उभे आहात बघा," काका कुजबुजले. "तिसरी रांग, पाचवा दगड. तिथून हलाल तर देशद्रोह."

प्यो वीस मिनिटं हलला नाही. मग त्याला तहान लागली. नळाकडे दोनच पावलं टाकली असतील, तोच काका ओरडले, "केली बरोबरी! त्यांनी! पाणी काय पळून जात होतं?"

"काका, मी पाहतसुद्धा नाहीये!"

"पाहण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न दगडाचा आहे. वर चढा."

दगडाशेजारी पाटी होती: दगडावर चढू नये. काकांनी कानाला हात लावत आपली टोपी काढली आणि पाटीवर घातली. "आता वाचता येत नाही," ते म्हणाले.

प्यो चढला. पाचच मिनिटांत काकांनी दुसरा गोल जाहीर केला.

मध्यंतरात काकांनी उकडलेलं अंडं सोलून वर दिलं. स्वतः खाली गवतात बसून बोलत राहिले. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सोल शहरात असते, रविवारी फोन करते, सिग्नलवर गाडी थांबली की. मॅचच्या दिवशी अख्खं गाव सरपंचाच्या घरात घुसतं. "मलाही बोलावतात हो. पण ड्युटी असते. इथे कुणी दगड नेईल म्हणून."

"कुणी नेला आहे?"

"आठशे वर्षांत नाही."

"काका, दोन गोल झाले तरी गावातून आवाज कसा नाही?"

"ग्योंगजूची माणसं गंभीर असतात," काका म्हणाले आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.

दुसऱ्या हाफमध्ये प्योचे गुडघे दुखायला लागले. त्याने एक पाय वर घेतला. काकांनी लगेच वायर दाबली: "बॉल आपल्याकडे! तसेच राहा!" तेवढ्यात एक फ्रेंच जोडपं सायकलवरून आलं. दगडावर एका पायावर उभा कोरियन माणूस आणि समोर हात जोडून बसलेला म्हातारा बघून त्यांनी बूट काढले आणि शेजारच्या दोन दगडांवर आदराने एकेका पायावर उभे राहिले.

"त्यांना खाली उतरवू का?" प्योने विचारलं.

"राहू दे. तिसरा गोल हवाय."

तिसरा गोल पडला. मॅच संपली. तीन-एक! काका आणि प्यो मिठी मारून नाचले, फ्रेंच जोडपंही नाचलं, आणि दोघांना व दगडालाही वाकून नमस्कार करून निघून गेलं. नाचताना काकांच्या खिशातून वायर बाहेर आली. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

प्यो त्या टोकाकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल चालू केला. कोरिया दोन-शून्यने हरला होता.

"रेडिओ फेब्रुवारीतच गेला," मेंगकाका जमिनीकडे बघत म्हणाले. "हरतोय म्हटलं असतं, तर तुम्ही थांबला असता का?"

बांग मॅडमचा मेसेज आला होता: "खरं सांगा. चोरून पाहिलीत ना?"

प्योच्या छातीवरून मोठा दगड उतरला. तो सुटला होता. त्याने झरझर टाइप केलं: "देवाशपथ पाहिली नाही. म्हणजे पनवती मी नव्हेच." आता नुसतं पाठवायचं होतं.

"पुढची मॅच सोमवारी ना?" काकांनी टोपी पाटीवरून उचलत विचारलं. "आता ऑफिसात बसून पाहाल. चांगलं झालं. माणसांत बरं असतं."

प्योने लिहिलेलं खोडलं. नव्याने लिहिलं: "पाहिली. शेवटची दहा मिनिटं. चुकलं."

उत्तर लगेच आलं: "सोमवारी नको, रविवारीच निघा."

रस्त्यापलीकडे पानात गुंडाळून खायच्या भाताचं हॉटेल होतं. एकट्या माणसाला ते ताट मिळत नाही, कमीत कमी दोघं लागतात. पहारेकरी झाल्यापासून चार वर्षं काका त्याच्यावरून नुसते येत-जात होते.

"किती माणसं?" मालकीणबाईंनी दारातच विचारलं.

काकांनी दोन बोटं वर केली. दिवसभरात त्यांनी जाहीर केलेला हा पहिला खरा आकडा होता.